विश्लेषण : झाडाला नत्र बुरशी पुरवते? आल्बर्ट फ्रँक यांच्या सिद्धांताला मान्यता मिळायला शतक का लागले?

हरभरा किंवा सोयाबीन पेरण्यापूर्वी बियाण्याला रायझोबियम चोळणे, ही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची गोष्ट आहे. कृषी सेवा केंद्रांत अलीकडे मायकोरायझाची पाकिटेही दिसू लागली आहेत. हे दोन्ही शब्द एकाच माणसाने विज्ञानाला दिले. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक हे त्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव. जंगलातील झाडे जमिनीतून स्वतः जेवत नाहीत, त्यांच्या मुळांवरील बुरशी त्यांना जेवू घालते आणि पालापाचोळ्यात अडकलेले नत्रही तीच मिळवून देते, असे त्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस मांडले. या मांडणीवर त्यांच्या हयातीत टीकेची झोड उठली. तिचा गाभा बरोबर होता, हे सिद्ध व्हायला जवळपास १०० वर्षे लागली.

फ्रँक कोण होते?

फ्रँक यांचा जन्म १७ जानेवारी १८३९ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. लाइपझिग विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले आणि तिथेच वनस्पतिसंग्रहालयाचे काम पाहू लागले. वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने सांभाळणे हे त्यांचे काम असले, तरी त्यांचा ओढा जिवंत वनस्पतींच्या व्यवहाराकडे होता. मूळ खाली का वळते, हा त्यांचा पहिला मोठा प्रश्न. त्या काळचे दिग्गज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म होफमायस्टर यांच्या मते मुळाचे टोक मऊ कणकेसारखे असते आणि ते आपल्याच वजनाने खाली झुकते. मूळ नुसते झुकत नाही, तर वाढताना स्वतः बळ लावून वळते, हे फ्रँक यांनी १८६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. गुरुत्वाकर्षणाला वनस्पती देत असलेल्या या प्रतिसादाला त्यांनी जिओट्रॉपिझम हे नाव दिले. पुढे कित्येक पिढ्या शाळेच्या पुस्तकांत हाच शब्द वापरला गेला.

त्यानंतर ते दगडफुलांकडे वळले. आपल्या मसाल्यातले दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या सजीवांत बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात, हे तेव्हा नुकतेच पुढे आले होते. बुरशी शैवालाला गुलाम करून ठेवते, असा एक मतप्रवाह होता. दोन वेगवेगळे जीव एकत्र राहतात एवढेच सांगणारा आणि त्यात कोण मालक, कोण चोर हे आधीच न ठरवणारा शब्द हवा, असे फ्रँक यांना वाटले. त्यासाठी १८७७ मध्ये त्यांनी सिंबायोटिस्मुस हा शब्द वापरला. पुढच्याच वर्षी हाइनरिश आंतोन द बारी यांनी सहजीवनाची कल्पना व्यापकपणे मांडली आणि श्रेय बहुतांशी त्यांच्याकडे गेले. मात्र फ्रँक यांच्या मनात रुजलेली ही कल्पना पुढील सगळ्या कामाचा पाया ठरली.

ट्रफलच्या शोधात काय हाती लागले?

१८८१ मध्ये बर्लिनमध्ये कृषी महाविद्यालय नव्या स्वरूपात उभे राहिले आणि तिथे वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून फ्रँक यांची नेमणूक झाली. प्रशियाच्या कृषी आणि वन मंत्रालयाने त्यांच्याकडे एक व्यवहारी काम सोपवले. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी, सुगंधी आणि अतिशय महाग बुरशी. फ्रान्सला तिच्यापासून चांगले उत्पन्न मिळत होते. प्रशियाच्या जंगलांतही तिची लागवड वाढवता येईल का, याचा अभ्यास फ्रँक यांनी करायचा होता.

ट्रफल ठरावीक झाडांच्या आसपासच सापडते, हे शोधणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. बुरशी आणि झाड यांचे नेमके नाते काय, हे पाहण्यासाठी फ्रँक यांनी झाडांची मुळे उकरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ट्रफल असो वा नसो, बीच, ओक, हॉर्नबीम, हेझल आणि चेस्टनट या झाडांच्या बारीक मुळांची टोके बुरशीच्या दाट वेष्टनाने पूर्ण झाकलेली होती. हातमोज्यात बोटे असावीत, तशी. एखाद्या रोगट झाडाचा हा अपवाद नव्हता. निरनिराळ्या प्रदेशांतून मागवलेल्या मुळांवरही तेच दिसत होते.

अशा मुळांवर मूलरोम नव्हते. वेष्टनात फट नव्हती. म्हणजे जमिनीतील पाणी आणि क्षार झाडात शिरायचे, तर ते बुरशीतूनच शिरायला हवेत. बुरशीचे तंतू मुळाच्या बाहेरील पेशींच्या मधून जाळ्यासारखे पसरले होते, पण पेशी मेलेल्या नव्हत्या आणि झाडही निरोगी होते. फ्रँक यांनी १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात हे सारे प्रसिद्ध केले. बुरशी आणि मूळ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी या संयुक्त अवयवाला मायकोरायझा म्हटले. बुरशी ही झाडाची दूध पाजणारी दाई आहे, अशी उपमाही त्यांनी दिली. प्रशियात ट्रफलची शेती काही उभी राहिली नाही. सरकारने मागितले ते मिळाले नाही, जे मिळाले ते कोणी मागितले नव्हते.

हे आधी कोणालाच दिसले नव्हते का?

दिसले होते. वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी पाइनच्या मुळातील पेशींभोवतीच्या जाळ्याचे चित्र १८४० मध्येच काढले होते. पण ते बुरशीचे आहे, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. आज त्या जाळ्याला हार्टिग यांचेच नाव आहे. पोलिश शास्त्रज्ञ फ्रान्चिशेक कामिएन्स्की यांनी १८८१ मध्ये मोनोट्रोपा या हरितद्रव्य नसलेल्या वनस्पतीच्या मुळांचे वर्णन केले आणि ती बुरशीमार्फत पोसली जात असावी, असे सांगितले. फ्रँक यांचे वेगळेपण असे, की एका विचित्र वनस्पतीपुरते वाटणारे हे नाते युरोपच्या मुख्य वनवृक्षांचा नियम आहे, हे त्यांनी दाखवले. १८८७ मध्ये त्यांनी त्याचे दोन प्रकारही केले. बुरशी मुळावर बाहेरून वेष्टन घालते तो एक आणि पेशींच्या आत शिरते तो दुसरा. नावे थोडी बदलली असली तरी हे वर्गीकरण आजही वापरात आहे.

नत्राचा मुद्दा वादग्रस्त का ठरला?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पती जमिनीतील कुजलेले सेंद्रिय द्रव्य, म्हणजे ह्यूमस, थेट खातात असे मानले जाई. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग यांनी हा समज मोडीत काढला. वनस्पतींना कर्ब हवेतून मिळतो आणि जमिनीतून त्या केवळ साधे खनिज क्षार घेतात, हे मत रुजले. रासायनिक खतांचे शास्त्र त्यावरच उभे राहिले.

अशा वेळी फ्रँक म्हणू लागले, की झाडे ह्यूमसमधील सेंद्रिय नत्राचा उपयोग करतात, फक्त ते बुरशीच्या मध्यस्थीने. अनेकांना हे जुन्या, टाकून दिलेल्या सिद्धांताला मागच्या दाराने आत घेण्यासारखे वाटले. फ्रँक यांचा तर्क मात्र निरीक्षणांवर आधारलेला होता. मायकोरायझा सर्वांत जोमदार असते ती पालापाचोळ्याने समृद्ध जमिनीत. ह्यूमस कमी, तिथे ती विरळ. थंड प्रदेशातील आम्लधर्मी वनजमिनीत नायट्रेट फार कमी असते, तरीही तिथे शेकडो वर्षांचे वृक्ष उभे राहतात. बुरशी तर कुजणाऱ्या द्रव्यावर जगण्यात पटाईत. मग झाडाला नत्र कोठून मिळते, याचे उत्तर या जोडीतच असले पाहिजे.

त्यांनी प्रयोगही केले. बीचची रोपे काही कुंड्यांत साध्या वनमातीत आणि काही कुंड्यांत उष्णतेने निर्जंतुक केलेल्या त्याच मातीत वाढवली. निर्जंतुक मातीतील रोपांना मायकोरायझा नव्हती. ती खुरटली, कित्येक मेली. पुढे पाइनच्या रोपांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही त्याच दिशेने जाणारे होते. माती तापवल्याने तिच्यातील अन्नद्रव्ये उलट अधिक मोकळी होतात. तरीही रोपे खुरटत असतील, तर उणीव बुरशीची असली पाहिजे.

विरोधकांचे म्हणणे काय होते?

पहिला आक्षेप असा, की बुरशी म्हणजे रोग. थिओडोर यांचे पुत्र रॉबर्ट हार्टिग हे झाडांच्या रोगांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार. मुळांवरील बुरशी परजीवी आहे, असे त्यांचे मत होते. यातला गमतीचा भाग असा, की फ्रँक स्वतःही वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. वनस्पतींच्या रोगांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. बुरशी पिकाचे काय करू शकते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. म्हणूनच ही बुरशी वेगळी आहे, या त्यांच्या म्हणण्याला वजन होते. दुसरा आक्षेप प्रयोगाच्या पद्धतीवर होता. माती तापवल्यावर तिच्यात अनेक बदल होतात, त्यामुळे रोप नेमके कशाने खुरटले हे ठामपणे सांगता येत नाही, असे टीकाकार म्हणत. हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. नत्र बुरशीतून मुळात जाताना प्रत्यक्ष पाहण्याचे कोणतेही साधन त्या काळात नव्हते.

फ्रँक प्रत्येक वादात बरोबर होते असेही नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींचा प्रश्न हे त्याचे उदाहरण. तापवलेल्या मातीत या गाठी येत नाहीत, म्हणजे त्या बाहेरून येणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे होतात, हे त्यांनी १८७९ मध्येच दाखवले होते. पण नंतर ते डळमळले. हर्मान हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत गाठींमुळे झाडाला हवेतील नत्र मिळते, असे जाहीर केले, तेव्हा फ्रँक यांनी त्याला विरोध केला. हवेतील नत्र वापरण्याची क्षमता वनस्पतींमध्ये सर्वसाधारणपणे असते, या चुकीच्या कल्पनेला ते धरून बसले. गाठींतील जिवाणूला १८८९ मध्ये रायझोबियम हे नाव त्यांनीच दिले, मात्र त्या जिवाणूचे खरे काम ओळखण्याचा मान हेलरीगेल यांच्याकडे गेला. या पराभवामुळे त्यांच्या दुसऱ्या, बरोबर असलेल्या सिद्धांताकडेही संशयाने पाहिले गेले असल्यास नवल नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८९०च्या दशकात फ्रँक यांनी वनस्पतिशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली, पिकांच्या रोगांवर आणि किडींवर काम केले. जर्मन साम्राज्याच्या आरोग्य कार्यालयात शेती आणि वनांसाठी नवा जीवशास्त्रीय विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. जर्मनीतील आजच्या युलियुस क्यून संस्थेचे मूळ या विभागात आहे. मात्र हे पद त्यांना फार काळ भूषवता आले नाही. २७ सप्टेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी एर्न्स्ट श्टाल यांनी मायकोरायझाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. मायकोरायझा उपयुक्त आहे, हे त्यांनी मान्य केले, पण तिचे काम खनिज क्षार शोषून देण्याचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढील अर्धशतकात हेच मत बळकट होत गेले. बुरशीच्या तंतूंमुळे मुळाचा पसारा वाढतो आणि स्फुरदासारखी अन्नद्रव्ये अधिक मिळतात, हे खरेच होते. पण त्यात सेंद्रिय नत्राचा मुद्दा मागे पडला.

फ्रँक यांचे म्हणणे पुढे कसे सिद्ध झाले?

पहिली पायरी स्वीडनमध्ये चढली गेली. उप्साला येथील एलियास मेलिन यांनी मायकोरायझाच्या बुरशा वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि निर्जंतुक रोपांशी त्यांची पुन्हा जोडी जमवून दाखवली. माती तापवण्याबाबतचा जुना आक्षेप त्यामुळे गळून पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर समस्थानिके उपलब्ध झाली. १९५३ मध्ये मेलिन आणि त्यांचे सहकारी निल्सन यांनी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लात जड नत्राची खूण घालून ते फक्त बुरशीच्या तंतूंना मिळेल अशी व्यवस्था केली. काही काळाने खूण केलेले ते नत्र पाइनच्या रोपात सापडले. फ्रँक यांना जे पाहता आले नव्हते, ते आता दिसत होते.

दुसरी पायरी ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठातली. डेव्हिड रीड आणि सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत रोपांना नत्र म्हणून केवळ प्रथिने दिली. बुरशी नसलेल्या रोपांना त्यांचा जवळपास काहीच उपयोग करता आला नाही. योग्य बुरशी असलेली रोपे त्यावर वाढली. सगळ्या बुरशा सारख्या नाहीत, हेही याच प्रयोगांतून कळले. काहींना प्रथिने चांगली फोडता येतात, काहींना ती जमतच नाहीत.

तिसरी पायरी प्रत्यक्ष जंगलात. १९९८ मध्ये स्वीडिश संशोधक टोर्ग्नी नेशोल्म आणि सहकाऱ्यांनी उत्तर स्वीडनच्या जंगलात ग्लायसिन हे अमिनो आम्ल जमिनीत सोडले. त्यातील कर्ब आणि नत्र या दोघांवरही खूण होती. ग्लायसिन जमिनीतच फुटून त्याचे अमोनियम झाले असते, तर मुळांत फक्त नत्राची खूण दिसली असती. मुळांत दोन्ही खुणा एकत्र सापडल्या. म्हणजे पाइन, स्प्रूस आणि जमिनीलगतच्या झुडपांनी ते अमिनो आम्ल अखंड स्वरूपात घेतले होते.

ही प्रक्रिया नेमकी कशी चालते?

जंगलाच्या जमिनीतील नत्राचा फार मोठा भाग, साधारणपणे ९० टक्क्यांहून अधिक, सेंद्रिय रूपात असतो. मेलेली पाने, मुळे, कीटक, जिवाणू आणि बुरशी यांच्यातील प्रथिने आणि कायटिन यांत तो अडकलेला असतो. पानांतील टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधून ठेवतात. कातडे कमावताना जे घडते, तसेच हे. साध्या मुळाला ही गाठ सुटत नाही. बुरशीचा तंतू काही मायक्रोमीटर जाडीचा असल्याने मुळांना शिरता येत नाही अशा बारीक फटींत तो जातो. तो बाहेर विकरे सोडतो. त्यामुळे प्रथिनांचे तुकडे होऊन लहान पेप्टाइड आणि अमिनो आम्ले तयार होतात आणि तंतू ती शोषून घेतो. काही बुरशा त्याआधी तीव्र ऑक्सिडीकरण करणारी रसायने तयार करून टॅनिनची बांधणी सैल करतात. बुरशीत शिरलेले नत्र हार्टिग जाळ्यापर्यंत पोहोचते आणि तिथे अमोनियम किंवा अमिनो आम्लांच्या रूपात झाडाच्या पेशींकडे सोपवले जाते.

याची किंमत झाड साखरेत मोजते. ती किंमत किती मोठी, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका प्रयोगातून दिसले. पाइनच्या खोडांची साल गोलाकार काढून मुळांकडे जाणारी साखर तोडली, तेव्हा जमिनीतून बाहेर पडणारा कर्बवायू एक-दोन महिन्यांत जवळपास निम्म्यावर आला. जमिनीखालच्या जीवसृष्टीचा एवढा मोठा भाग झाडाच्या ताज्या कमाईवर जगत होता. बुरशी हिशेबाला पक्कीही असते. नत्राची टंचाई असेल, तर मिळालेले नत्र ती स्वतःकडेच अधिक राखते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते. फ्रँक यांची दाईची उपमा इथे थोडी अपुरी पडते. दाईलाही पोट असते.

आज याचे महत्त्व काय?

पाइन मूळचे नाहीत अशा पोर्तो रिकोसारख्या ठिकाणी त्यांची लागवड सुरुवातीला फसत राहिली. १९५०च्या दशकात योग्य बुरशी असलेली माती तिथे नेल्यानंतरच रोपे तगली. फ्रँक यांना न साधलेली ट्रफलची शेतीही १९७०च्या दशकापासून फ्रान्स आणि इटलीत शक्य झाली. रोपवाटिकेतच रोपाच्या मुळांवर ट्रफलची बुरशी जोडली जाते, म्हणजे त्यांच्याच निरीक्षणाचा हा उपयोग आहे.

भारतात मध्य भारतातील सालवृक्षांच्या मुळांवर फ्रँक यांनी वर्णिलेल्या पहिल्या प्रकारची, वेष्टन घालणारी बुरशी असते. साग आणि बहुतेक पिकांच्या मुळांत दुसऱ्या प्रकारची, आत शिरणारी बुरशी असते. तिचे मुख्य काम स्फुरद मिळवून देण्याचे आहे. त्यामुळे बाजारातील मायकोरायझाच्या पाकिटाकडून जंगलातल्या बुरशीसारखा नत्रपुरवठा होईल, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

जागतिक तापमानवाढीच्या चर्चेतही हा विषय महत्त्वाचा आहे. उत्तरेकडील जंगलांच्या जमिनीत प्रचंड कर्ब साठलेला आहे. बुरशी ह्यूमसमधून नत्र काढून घेते, तेव्हा कुजवणाऱ्या इतर जीवांना ते कमी पडते आणि कर्ब जमिनीतच राहतो, असे काहींचे मत आहे. नत्र मिळवताना बुरशी स्वतःच ह्यूमस फोडते आणि कर्ब मोकळा करते, असे इतरांना वाटते. दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत आणि उत्तर बुरशीच्या जातीनुसार बदलते. युरोपात कारखाने, वाहने आणि पशुपालन यांतून हवेत जाणारे नत्र पावसाबरोबर जंगलांत उतरते. झाडाला आयते नत्र मिळाले, की ते बुरशीवर कमी साखर खर्च करते आणि सेंद्रिय नत्र फोडणाऱ्या जातीच आधी नाहीशा होतात. झाडे वरून हिरवीगार दिसत असताना त्यांचा जमिनीखालचा आधार मात्र विरळ होत जातो. त्यामुळे आता जंगलाची तब्येत तपासताना संशोधक पानांबरोबर मुळांची टोकेही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.